आठवणींचा विटाळ

संगीताची चर्चा करणाऱ्या आपल्या विद्वानांत अलीकडे एक नवा सोवळेपणा फैलावत आहे, आणि त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कोणी गृहस्थ वा गृहिणी आकाशवाणीवर ऐकलेल्या गाण्याची आठवण सांगू लागली, अमुक वेळी, अमुक कामात असता अमुक राग कानी पडला असे म्हणू लागली, की या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ‘हे संगीताविषयीचे बोलणे नव्हे, हे स्वतःविषयीचे बोलणे आहे,’ असा निकाल तत्काळ दिला जातो. राग शुद्ध, स्वर शुद्ध, त्यांचा आस्वादही शुद्ध. त्यात कोणाच्या आजारपणाची, परीक्षेची, लग्नकार्याची आठवण मिसळली म्हणजे रागाला जणू विटाळ झाला! हे मत मांडणारे लोक उथळ नाहीत, त्यांचा व्यासंग मोठा आहे, आणि म्हणूनच त्यांचे मत तरुण वाचक प्रमाण मानतात. आमच्या मते ते चुकीचे आहे. ते शास्त्राला धरून नाही, इतिहासाला धरून नाही, आणि त्याच्या पोटात एक अन्यायही दडलेला आहे. या तिन्ही गोष्टी क्रमाने दाखविण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे. व्हिएन्ना येथील संगीतसमीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की संगीताचे सौंदर्य स्वराकृतींत आहे, श्रोत्याच्या मनात उठणाऱ्या भावनांत नाही. तीच सुरावट एकाला आनंद देईल, दुसऱ्याला रडवील. म्हणून आनंद अथवा रडे यांवरून सुरावटीची परीक्षा करता येत नाही. आमच्या विद्वान स्नेह्यांना पश्चिमेकडे जाण्याचेही कारण नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर जी टीका लिहिली, तीत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होऊन जाणे. ज्याचे चित्त घरच्या चिंतेत गुंतले आहे त्याला रस भेटत नाही. आमचे एक स्नेही यावर दृष्टांत देतात, तो असा: मारवा ऐकून ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ते येण्याचे कारण त्याचे वडील आजारी असता संध्याकाळी रेडिओवर मारवा लागत असे हे आहे, तो मनुष्य वडिलांसाठी रडतो, मारव्यासाठी रडत नाही. मारव्याच्या जागी त्या संध्याकाळी दारावरून भाजीवाला ओरडत गेला असता तर तो भाजीवाल्याच्या हाकेनेही रडला असता!

दृष्टांत चतुर आहे, यात शंका नाही. परंतु अभिनवगुप्ताचा हवाला देणाराने अभिनवगुप्त पुरता वाचावा. ज्या आचार्याने स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाण्याला विघ्न म्हटले, त्यानेच असेही म्हटले आहे, की ज्याच्या चित्तात वासना नाही, म्हणजे पूर्वीच्या अनुभवांचे संस्कार नाहीत, त्याला रस होणे शक्यच नाही. संस्कारशून्य मनुष्य नाट्यगृहातल्या लाकडी खांबासारखा, असा आपल्या साहित्यशास्त्राचा सांगावाच आहे. शाकुंतलाचा पाचवा अंक येथे आठवावा. पडद्याआड हंसपदिका गात आहे. दुष्यंत ऐकतो आणि सर्व सुखे हाताशी असताही कासावीस होतो. का, ते त्याला कळत नाही. तो म्हणतो, की रम्य पाहून व मधुर ऐकून सुखी जीवही जेव्हा व्याकूळ होतो, तेव्हा त्याचे मन नकळत काही जुने, खोल रुजलेले स्नेह आठवीत असते. आणि रसचर्चेच्या ऐन प्रसंगी अभिनवगुप्ताने हाच श्लोक पुढे केला आहे. म्हणजे गाणे ऐकून स्मृती जागी होणे हा आमच्या परंपरेत आस्वादाचा अपघात ठरलेला नाही. तो आस्वादाचा नमुना ठरलेला आहे. विघ्न आठवणीत नाही, आठवणीने आंधळे होण्यात आहे. या दोहोंत भेद करावयाचा सोडून आठवण तेवढी अस्पृश्य ठरविणे हे आळशी मनाचे काम होय.

याहून पुढे जाऊन आम्ही असे म्हणतो, की रागसंगीत ऐकणे हे आरंभापासून अखेरपर्यंत स्मृतीचेच काम आहे. मारव्याचीच गोष्ट घ्या. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य, आणि ऋषभ व धैवत यांवर सारा भार. गवई षड्जाभोवती घिरट्या घालतो, कोमल ऋषभावर येऊन थांबतो, निषादाला स्पर्श करून धैवतावर उतरतो, आणि षड्ज देत नाही. तंबोऱ्यात षड्ज अखंड वाजत आहे. पण गळ्यातला षड्ज लांबत जातो. ही हुरहूर ज्याला कळते, त्याच्या चित्तात न उच्चारलेला षड्ज तेवढा वेळ जागा असतो. तो कोठून आला? याच बैठकीत मघाशी ऐकलेल्या स्वरांतून आला आणि याआधी वर्षानुवर्षे ऐकलेल्या मारव्यांतून आला. ज्याने आयुष्यात पहिल्यानेच मारवा ऐकला, त्याला काहीतरी अडखळते आहे एवढेच वाटेल. तेव्हा प्रश्न आठवण असावी की नसावी हा नाही; कोणती आठवण, आणि ती स्वराला चिकटलेली आहे की स्वराला सोडून भटकते आहे, एवढाच प्रश्न आहे.

आता इतिहासाकडे वळू. मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, आणि ८ जून १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडले. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चे. शनिवारी रात्री दीड तास चालणारा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम २० जुलै १९५२ पासून सुरू झाला. त्या वेळी नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे होते. या तारखा आम्ही पांडित्य मिरविण्यासाठी देत नाही. त्यापूर्वी पांढरपेशा घरातल्या माणसाला रागदारी कोठे ऐकावयास मिळे, याचा विचार व्हावा म्हणून देतो. संस्थानिकाच्या दरबारी त्याला प्रवेश नव्हता. सावकाराच्या दिवाणखान्यात ओळख लागे. नाट्यगृहात नाट्यसंगीत मिळे, देवळाच्या उत्सवात एखादी बैठक मिळे, आणि ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत राग गुंडाळलेला मिळे. ही सुद्धा पुरुषांची गोष्ट झाली. घरंदाज म्हणविणाऱ्या घरातल्या स्त्रीने मैफलीस जावे, त्यातही कलावंतिणीच्या कुळातल्या गायिकेचे गाणे ऐकण्यास जावे, ही कल्पनाही पुष्कळ घरांत सोसली जात नसे. हिराबाई बडोदेकर, मोगूबाई कुर्डीकर, गंगूबाई हनगल यांचे गाणे अशा घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेले ते रेडिओच्या वाटेने. टपालकचेरीतून वर्षाचा परवाना काढला, की सासऱ्याच्या परवानगीचा प्रश्न उरत नसे. सुरांना उंबरठा अडवू शकला नाही.

या यंत्राने आणखी एक गोष्ट केली, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. रागांच्या वेळांचा नियम आपल्याकडे जुना आहे. पंडित भातखंड्यांनी वादी स्वर पूर्वांगात आहे की उत्तरांगात, आणि मध्यम कोणता, यांच्या आधाराने त्याची घडी बसविली. परंतु पोथीतला नियम घरोघर जगला तो आकाशवाणीच्या वेळापत्रकामुळे. पहाटे केंद्र उघडण्याची ती सुपरिचित धून वाजे. ही धून वॉल्टर कॉफमन याची मानली जाते. बोहेमियातला हा ज्यू संगीतकार युरोपातील छळाच्या काळात मुंबईस येऊन राहिला आणि पुढे येथील केंद्रावर काम करू लागला; शिवरंजनीची छाया असलेली ती धून आपण दोन-तीन पिढ्या घरची म्हणून ऐकत आलो. तिच्यामागून वंदे मातरम्, मग सनई. सकाळच्या सभेत भैरव अथवा तोडी. उन्हे चढली की सारंग. तिन्हीसांजेला पूरिया, मारवा. रात्री बागेश्री, मालकंस, दरबारी. आणि त्याच क्रमाने घराचीही कामे: चूल, अंघोळी, शाळेची घाई, दुपारची निजानीज, दिवेलागण, रात्रीची आवराआवर. रागाची वेळ आणि घराची वेळ यांची अशी गाठ पडली. ज्या घरात तोडी ऐकली की डबा भरण्याची आठवण होते, त्या घराने संगीताला भ्रष्ट केले नाही. समयाचा सिद्धांत त्या घराने पोथीबाहेर काढून जगविला.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे सामान्य विधान झाले. प्रत्यक्ष पुरावा काय? पुरावा आमच्या घरातला आहे, आणि तो देण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. आमच्या मातोश्री लग्नापूर्वी चार वर्षे गाणे शिकल्या होत्या. लग्नानंतर ते थांबले. का थांबले हे त्या पिढीत कोणी विचारीत नसे आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. घरात माजघराच्या फडताळावर रेडिओ होता. त्यांच्या पश्चात सामान आवरताना दुधाच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. पुढच्या पानांवर रतीब, खाडे, बेरजा. आणि मागच्या पानांवर, वही उलटी धरून, बारीक अक्षरात ऐकलेल्या गाण्यांची टिपणे. तारखा क्वचित. एकेका ओळीचा मजकूर. ‘तोडी. शाळेची घाई. अर्धीच.’ ‘बागेश्री. विलंबित झाला नि वीज गेली. द्रुत राहिली.’ एका पानावर, आमच्या आजी वारल्या त्या सुमारास: ‘तेरा दिवस रेडिओ बंद. आज लावला. भैरव. आवाज लहान ठेवला.’ आणि एके ठिकाणी ही ओळ: ‘मारवा. सा देता देईना. भात करपला.’

या वह्यांतली काही पाने आम्ही आमच्या त्याच स्नेह्यांना दाखविली. त्यांनी ती सौजन्याने पाहिली आणि हसून म्हणाले, ‘यात संगीत थोडे आणि संसार फार.’ आम्ही त्यांना त्या मारव्याच्या ओळीकडे पुन्हा पाहावयास सांगतो. भात का करपला? चुलीपाशी उभी असलेली, हाताला कामाची सवय झालेली एक स्त्री भाताकडे पाहावयास विसरली, कारण गाणारा षड्ज देत नव्हता आणि तो मिळेपर्यंत तिला हलता येईना. मारव्याच्या ज्या लक्षणाचे विवेचन आम्ही वर चार वाक्यांत केले, आणि ग्रंथकार चार पानांत करतील, ते तिने तीन शब्दांत टिपले आहे. आणि ते तिला खरोखर ऐकू आले होते, याची साक्ष करपलेला भात देतो. येथे संसार आणि संगीत यांना वेगळे काढणार कसे? भाजीवाल्याच्या हाकेने भात करपत नाही. दोन पानांनंतर लिहिले आहे: ‘पुन्हा मारवा. ही बाई सा लवकर देते. ती गंमत नाही.’ याला समीक्षा म्हणत नसतील तर समीक्षा कशाला म्हणतात ते आम्हांस ठाऊक नाही. दोन गायनांची तुलना आहे, तुलनेचा मुद्दा नेमका आहे, आणि अभिप्राय निर्भीड आहे. हीच ओळ एखाद्या संगीतपरिषदेत व्यासपीठावरून उच्चारली गेली असती, तर विद्वानांनी माना डोलावल्या असत्या.

येथेच आम्ही ज्याला अन्याय म्हणतो त्याचे स्वरूप उघडे होते. आपल्या संगीताचा इतिहास कशावर उभा आहे? भास्करबुवा बखले १८६९ साली जन्मले आणि १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. असे असता भास्करबुवा थोर गवई होते, तीन घराण्यांची विद्या त्यांच्या गळ्यात एकजीव झाली होती, हे आपण निःशंकपणे सांगतो. ते कशाच्या बळावर? ज्यांनी त्यांना ऐकले त्यांच्या आठवणींच्या बळावर. १९४६ साली वारलेल्या अल्लादियाखाँसाहेबांचीही तीच गोष्ट. त्यांच्या गाण्याची तबकडी बाजारात आली नाही. शिष्यांच्या गळ्यांतून काही उरले, बाकीचे स्मरणातून. गोविंदराव टेंब्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हे १९३९ चे पुस्तक काय आहे? आठवणीच आहेत, कोणत्या बैठकीत कोण कसे गायले, तेव्हा मनाची काय स्थिती झाली, याच्याच. ते पुस्तक आपण आधारग्रंथ मानतो आणि योग्यच करतो. लहानपणी अब्दुल करीमखाँसाहेबांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही हकीगत आपण भक्तिभावाने सांगतो. तेथे कोणी म्हणत नाही, की हे संगीताविषयीचे बोलणे नसून स्वतःविषयीचे बोलणे आहे. मग गवयाची आठवण इतिहास, वादकाची आठवण ग्रंथ, आणि माजघरात बसून ऐकणाऱ्या बाईची आठवण मात्र भाबडेपणा, हा भेद कोठून आला? यावरून स्पष्ट होते, की आक्षेप आठवणीला नाही; आठवणाऱ्याच्या पायरीला आहे. मैफलीत पुढच्या रांगेत बसणाऱ्याने रडावे, मागे दाराआड उभे राहणाऱ्याने मात्र रडू नये, असा हा न्याय आहे!

शिवाय एक व्यावहारिक गोष्ट आहे. रेडिओच्या पहिल्या कित्येक वर्षांत गाणे मुद्रित करून ठेवण्याची सोय बेताचीच होती. गवई केंद्रावर येई, घड्याळाकडे पाहून बैठक बसवी, आणि जे गायले जाई ते त्याच क्षणी हवेत विरून जाई. पुढे ध्वनिफिती आल्या. त्यांतील काही संग्रहात राहिल्या, काही प्रसिद्धही झाल्या, पण जे गायले गेले त्याच्या मानाने उरलेले थोडेच. त्या गाण्यांचा आज एकच साक्षीदार आहे: ज्याने ती ऐकली तो श्रोता. त्यांपैकी जे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत ते आणखी किती वर्षे सांगू शकणार? त्यांच्या तोंडावर ‘हे संगीत नव्हे’ असे म्हणून आपण त्यांना गप्प बसविले, तर आपण संगीताचे शुद्धीकरण करीत नाही. साक्षीदाराला साक्ष देण्यापूर्वीच न्यायालयाबाहेर काढीत आहोत.

येवढे लिहिल्यावर आमचे दुसरे काही मित्र खूष होतील, की झाले, जुन्या रेडिओचे गुणगान करणाराला आता विद्वानांचाही आधार मिळाला. त्यांची निराशा करणे आम्हांस भाग आहे. आठवणींच्या नावाखाली जो मजकूर हल्ली पुष्कळ छापला जातो, त्यातील बहुतांश वाचवत नाही. रेडिओच्या लाकडी पेटीचे वर्णन असते, तिच्यावरच्या भरतकामाच्या आच्छादनाचे असते, खुंटी फिरविताना होणाऱ्या खरखरीचे असते, चहाच्या वाफेचे असते; कोणता राग, कोणी गायला, त्यात काय ऐकू आले, याचा पत्ता नसतो. शेवटी ‘तसे गाणे आता राहिले नाही’ हा शेरा. लेखकाने तसे गाणे म्हणजे कसे गाणे हे सांगितलेलेच नसते, तेव्हा ते आता आहे की नाही हे ठरवावे कसे? अशा आठवणीत भाजीवाल्याची हाक आणि मारवा यांत खरोखरच काही अंतर उरत नाही. आमच्या विद्वान स्नेह्यांचा दृष्टांत या मंडळींना पुरेपूर लागू पडतो, आणि त्यांच्यामुळेच तो सर्वांवर लादण्याची सोय झाली आहे.

तो काळ सुवर्णाचा होता असेही आम्ही मानीत नाही. १ मार्च १९४० पासून रेडिओने हार्मोनियमला बंदी केली आणि ती सुमारे तीस वर्षे चालली. ज्या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी आपली कीर्ती उभारली, ज्यावाचून आपली संगीत नाटके आणि भजनी मंडळे एक दिवस चालली नसती, ते आकाशवाणीच्या दाराबाहेर उभे होते. सारंगीला त्यामुळे आधार मिळाला हे खरे. परंतु ऐकणाराला विचारून हे कोणी केले नव्हते. कलावंतांच्या परीक्षा घेऊन श्रेणी लावण्याची पद्धत आली, तिने किती जणांची मने दुखावली याच्या कथा जाणकारांना ठाऊक आहेत. केसकरांनी चित्रपटगीतांना आळा घातला तेव्हा लोकांनी शास्त्रीय संगीताकडे धाव घेतली असे नाही. त्यांनी खुंटी फिरवून सिलोन लावले, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविध भारती काढावी लागली. त्याउलट पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गीतरामायण ऐकविले. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि फडक्यांच्या रागाधारित चाली. त्या एका वर्षात रागांची नावे न जाणणाऱ्या हजारो कानांवर रागांचे जे संस्कार झाले, ते कोणत्याही सक्तीने झाले नसते. नेमक्या आठवणीत हे सारे आले पाहिजे: बंदी, कंटाळा, चोरून लावलेले सिलोन, आणि आवडीने ऐकलेले भूप व यमनही.

राहता राहिला आजचा प्रश्न. ‘आता सर्व काही मोबाइलवर हवे तेव्हा मिळते, मग रेडिओची रड कशाला?’ असे विचारणारे तरुण आमच्या वर्गात पुष्कळ भेटतात. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. आमच्या तरुणपणी जी तबकडी ऐकण्यास कोणा संग्राहकाची मनधरणी करावी लागे, ती आज विद्यार्थी घरबसल्या दहा वेळा ऐकतो, अडलेली जागा पुन्हा पुन्हा घेऊन बसतो. हा लाभ लहान नाही. स्वतः आकाशवाणीनेही २६ जानेवारी २०१६ पासून अहोरात्र शास्त्रीय संगीत देणारी ‘रागम्’ ही स्वतंत्र वाहिनी सुरू केली. संगीताचा दुष्काळ मुळीच नाही. परंतु निवडून ऐकणे आणि येऊन भिडलेले ऐकणे यांत फरक आहे. रेडिओवरचे गाणे थांबविता येत नसे, मागे नेता येत नसे, आणि उद्या पुन्हा मिळेल याची हमी नसे. म्हणून कान टवकारलेला असे. ते एकट्याचेही नसे. शेजारच्या बिऱ्हाडात, समोरच्या आळीत, शंभर मैलांवरच्या मामाच्या घरी तोच मालकंस त्याच क्षणी चाललेला असे, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वाद घालता येई. आठवणीला दुसरा साक्षीदार मिळे. ‘तू म्हणतोस तसे नव्हते, द्रुत आधीच सुरू झाली होती’ असे म्हणणारा कोणी असे. कानात बोंडे घालून ऐकणाऱ्या श्रोत्याला हा साक्षीदार नाही. त्याला गाणे पुष्कळ मिळते, ते ताडून पाहणारा शेजारी मात्र मिळत नाही. यंत्र फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. घरात आठवड्यातून एक ठरीव वेळ अशी असावी, की तेव्हा लागेल ते गाणे सर्वांनी मिळून, मध्ये न थांबविता, शेवटपर्यंत ऐकावे, आणि मग त्यावर भांडावे. एवढेच आमचे मागणे आहे. कान तयार होतो तो असाच.

विद्वानांकडे आमचे मागणे निराळे आहे. त्यांनी श्रोत्यांच्या आठवणींकडे नाक मुरडण्याऐवजी त्या तपासाव्यात. कोणतीही साक्ष तपासावी लागते. शिष्याची, गवयाची, ग्रंथकाराचीही. रागाचे वर्णन लक्षणाशी जुळते का, वेळ जुळते का, एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी मिळते का, हे पाहावे. जी टिकणार नाही ती टाकावी, जी टिकेल ती इतिहासात घ्यावी. तपासण्याचे कष्ट टाळण्यासाठी सगळ्याच आठवणी विटाळल्या असे म्हणणे याला सोवळे म्हणत नाहीत, याला कामचुकारपणा म्हणतात.

आणि ज्या घरांत हे मासिक वाचले जाते, त्या घरांना आमची विनंती अगदी साधी आहे. आपल्याकडे कोणी वडीलधारे माणूस असेल, त्याने वा तिने रेडिओवर पुष्कळ ऐकले असेल, तर या महिन्यात त्याच्याजवळ वही घेऊन बसावे. ‘तुमचा काळ कसा होता’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ठरलेले असते. कोणता राग, कोणाचा, दिवसाच्या कोणत्या वेळी, तेव्हा हातात कोणते काम होते, गाण्यातली कोणती जागा अजून ऐकू येते, असे विचारावे. रागाचे नाव ठाऊक नसेल तर गुणगुणून दाखवावयास सांगावे, आणि ते मोबाइलवर मुद्रित करून ठेवावे. त्या यंत्राचा याहून चांगला उपयोग नाही. जे सांगितले जाईल ते सुधारू नये. करपलेला भात गाळू नये, आणि न दिलेला षड्जही गाळू नये. दोन्ही एकाच ओळीत लिहावेत, कारण ते घडले एकाच वेळी.